परदेशी भाषांची पदवी: चार वर्षांत काय शिकतात?

इंग्लंडमध्ये बहुतेक पदव्या तीन वर्षांत मिळतात. आधुनिक भाषांच्या पदवीला मात्र सहसा चार वर्षं लागतात. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन, रशियन अशा भाषांतून विद्यार्थी एक किंवा दोन निवडतात. शाळेत न शिकलेली भाषाही अनेक विद्यापीठांत अगदी पहिल्या धड्यापासून शिकता येते.

व्याकरण, संभाषण, निबंध आणि दोन्ही दिशांनी भाषांतर हा अभ्यासाचा पाया. त्यावर साहित्य, इतिहास, चित्रपट, भाषाविज्ञान हे विषय येतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये साहित्याला मोठं स्थान आहे. सर्वत्र तसं असेलच असं नाही. म्हणून प्रवेशापूर्वी अभ्यासक्रम बारकाईने वाचावा.

तिसरं वर्ष बहुधा परदेशात जातं. कुणी तिथल्या विद्यापीठात शिकतं, कुणी शाळेत इंग्रजीचा सहायक शिक्षक होतं, कुणी कंपनीत काम करतं. अशा मुक्कामांच्या खर्चाला हातभार म्हणून ब्रिटिश सरकारने २०२१ मध्ये ट्युरिंग योजना सुरू केली. घरभाडं, बँक, दवाखाना असे व्यवहार परक्या भाषेत निभावताना बोलण्यात जी सहजता येते, ती वर्गात क्वचितच येते. या वर्षाचा खर्च आणि तयारी यांचा विचार मात्र पहिल्या वर्षापासूनच करायला हवा.