मोकळा दिवस

पहाटे ४.५०
गजराच्या आधीच जाग आली. शेजारच्या खोलीत रोजरी सुरू झाली होती. काल सबंध दिवस जुन्या गोव्यात से कॅथेड्रलच्या रांगेत गेला, रत्नागिरीला पोहोचायला रात्रीचे साडेअकरा झाले, तरी आमच्या बायका पाचाच्या आत उठल्याच. वसईत या वेळी त्या वाडीत फुलं खुडायला उतरलेल्या असतात.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचं दर्शन दहा वर्षांतून एकदाच होतं. यंदाचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. त्यासाठी आमच्या चर्चमधून आम्ही ३२ जण निघालो. माणसं मोजणं, औषधांचा डबा आणि हिशेबाची वही ही माझी कामं.

६.३०
लॉजच्या गच्चीवर फादरांनी मिस्सा केली. प्रवचन चार मिनिटांचं. थकलेल्या माणसांना किती बोलावं हे त्यांना कळतं.

७.४५
पोहे, चहा, गोळ्या. रक्तदाबाच्या नऊ, साखरेच्या सहा. बस लागणाऱ्यांना आवळासुपारी.

छापील कार्यक्रमात आजच्या तारखेपुढे ‘मोकळा दिवस’ एवढंच आहे. यात्रेत सहल कशाला घुसवायची, असं तयारीच्या बैठकीत विचारलं गेलं होतं. मी अडून बसले. आमच्यातल्या कितीतरी जणी घर सोडतात त्या यात्रेलाच. माहेर सोडून दुसरी रजा त्यांना ठाऊक नाही. वाडी, गुरं, नातवंडं, बाजार, आणि दहा वर्षांनी गोंयचो सायब, म्हणजे संत झेवियर. त्यातला एक दिवस त्यांना समुद्रकाठी मिळाला, तर तो यात्रेचाच दिवस आहे.

८.४५
थिबा पॅलेस बाहेरूनच पाहिला. खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली राज्यावरून काढलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. राजाला त्यात जेमतेम सहा वर्षं मिळाली. १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला.

मग त्याच्या समाधीकडे गेलो. घरांच्या दाटीत ती चटकन सापडत नाही, रिक्षावाल्याला विचारावं लागलं. लाल चौकडीच्या लुगड्यातल्या आमच्या सगळ्यात थोरल्या मावशी, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

“अगं बाय, याला परत नेलं नाही कोणी?”

“नाही, मावशी.”

“आणि बायको?”

राणी सुपायालात १९१९ साली रंगूनला परतली, थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीलाच येऊन राहिली, एवढं मला माहीत होतं ते सांगितलं. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम इथे येऊन गेले, हेही.

मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं, कारण माझ्याही मनात तेच होतं. झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर १५५२ साली वारले. त्यांचा देह मलाक्कामार्गे समुद्रातून गोव्याला आणला, १५५४ साली. त्याच्या दर्शनाला आम्ही काल सहा तास उभे होतो. एक देह एवढा समुद्र ओलांडून आला, आणि एक इथेच राहिला.

मावशींनी अंबाड्यातलं शेवंतीचं फूल काढलं आणि कठड्यावर ठेवलं.

१०.४०
आरे-वारे. बस उतारावरून वळली आणि खाली दोन्ही किनारे एकदम दिसले. वीस मिनिटं ठरवली होती, पाऊण तास गेला. पण बायका पाण्यापेक्षा रस्त्याकडेच्या कलमांत रमल्या. बागेतल्या गड्याशी त्यांचं लगेच जुळलं. पाऊस लांबला, झाडांनी पालवी काढली, आता थंडी पडल्याशिवाय मोहोर धरायचा नाही, असं तो सांगत होता. एकीने फांदी वाकवून पालवीच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं. “तुडतुडे आहेत, फवारलं नाहीस?” गडी हसला. त्याला वाटलं होतं, ही शहरातली माणसं.

१२.४५
मालगुंडला कवी केशवसुतांचं स्मारक. त्यांची आणि नारायण वामन टिळकांची नागपुरात ओळख झाली होती, हे मी सांगितलं. रेव्हरंड टिळकही याच जिल्ह्यातले, करजगावचे.

जेवण घरगुती खानावळीत. शुक्रवार, म्हणून मांस नाही. बांगडा आणि सोलकढी.

२.५०
जयगडच्या धक्क्यावर फेरीबोट भरून गेली होती, पुढच्या फेरीपर्यंत थांबलो. बोटीची लोखंडी फळी साखळ्यांवर खडखडत खाली आली, टोकाशी वीतभर पाणी. मावशींनी लुगड्याचा काठ एका हाताने उचलला, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं आणि अनवाणीच चढल्या. चपला पिशवीत. बोट सुटल्यावर मागे वीजप्रकल्पाच्या चिमण्या लहान होत गेल्या. समोर शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ. मोजले: बत्तीस.

५.४०
गुहागर. सुरूच्या झाडांपुढे लांबच लांब वाळू. अर्नाळ्याचा समुद्र आमच्या घरांपासून चार किलोमीटरवर आहे. तरी पाण्यात पाय बुडवून नुसतं उभं राहायला वेळ मिळाला तो इथे, असं तिघीजणींनी तरी मला सांगितलं. फादर पॅन्ट दुमडून त्यांच्यात जाऊन उभे राहिले.

७.३०
मुक्कामाच्या अंगणात सायंप्रार्थना. शेवटी ज्याने-त्याने आपापली विनंती सांगायची असते. आजारी दीर, मुलीचं लग्न, सुनेची नोकरी. मावशींची पाळी आली. नाव त्यांना आठवेना, माझ्याकडे पाहिलं. मी सांगायच्या आत त्या बोलल्या.

“त्या राजाच्या आत्म्यासाठी. घरी नाही गेला तो.”

बत्तीस जणांनी एक नमो मरिया म्हटली. मग मी रात्रीच्या गोळ्या वाटायला उठले.