श्रवणकौशल्य
श्रवणकौशल्य : बोलणाऱ्याचे शब्द व त्यांमागील भाव नीट समजून घेण्याची, अभ्यासाने येणारी क्षमता. ऐकू येणे ही ज्ञानेंद्रियाची क्रिया, तर ऐकून घेणे हे अवधानाचे कार्य होय. भारतीय परंपरेत श्रवण, मनन व निदिध्यासन असा क्रम मानला असून नवविधा भक्तीतही श्रवणास प्रथम स्थान आहे. मात्र तेथे वक्ता अधिकारी असतो. दैनंदिन व्यवहारात कसोटी लागते ती ज्याचे बोलणे लांबते वा रुचत नाही, त्याचे ऐकताना.

विचाराचा वेग बोलण्याच्या वेगाहून पुष्कळ अधिक असल्याने श्रोत्याचे मन मधल्या अवकाशात भरकटते किंवा उत्तराची जुळवाजुळव करू लागते. कार्ल रॉजर्स व रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या ‘सक्रिय श्रवणा’त श्रोता ऐकलेला आशय आपल्या शब्दांत सांगून तो बोलणाऱ्याकडून पडताळून घेतो.

बोलणे मध्येच तोडताना बहुधा वेळेच्या अभावाची सबब दिली जाते. ती फारशी टिकत नाही. अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७४ भेटींच्या अभ्यासात बहुसंख्य रुग्णांचे प्रारंभीचे निवेदन डॉक्टरांनी सरासरी १८ सेकंदांतच अडविल्याचे आढळले. पुढे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, ज्यांना पूर्ण बोलू दिले त्या रुग्णांना अडविलेल्यांपेक्षा सरासरी केवळ ६ सेकंद अधिक लागले. रुग्ण प्रथम सांगतो तीच तक्रार मुख्य असते, असे नाही. अडविलेल्या रुग्णाची महत्त्वाची तक्रार पुष्कळदा भेट संपता संपता निघते किंवा राहूनच जाते.