जपानी कलेतील श्वान

जुन्या वस्तू जमविण्याचा छंद आपल्या देशाला नवा नाही, आणि लखनौसारख्या शहराला तर तो मुळीच नवा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्लॉड मार्टिन या फ्रेंच वंशाच्या सेनाधिकाऱ्याने येथे गोमतीजवळ 'कॉन्स्टॅन्शिया' नावाचा प्रासाद बांधावयास घेतला. पुस्तके, चित्रे, यंत्रे आणि नाना देशींच्या दुर्मिळ वस्तू यांचा त्याने मोठा संचय केला होता. १८०० साली तो निवर्तला, त्याच्या संचयाचा लिलाव झाला आणि जमविलेले सारे दाही दिशांना पांगले. मागे उरला तो प्रासाद. १८४५ पासून तेथे मार्टिनच्याच नावाची शाळा भरते आणि इमारतीच्या माथ्यावरचे प्रचंड सिंह आजही खालच्या मैदानावर पहारा करीत उभे आहेत.

या सिंहांचा उल्लेख मी मुद्दाम केला. आजच्या भाषणाचा विषय जपानी कलेतील श्वान हा असला, तरी त्या श्वानाची वंशावळ शोधू लागले की आपण सिंहापाशी, आणि तेही भारतातल्या सिंहापाशी, येऊन पोचतो.

केवळ कुत्र्यांच्याच जुन्या जपानी मूर्ती, चित्रे व कोरीव वस्तू जमविणारे हौशी संग्राहक जगात बरेच आहेत. प्रथमदर्शनी हा छंद फार अरुंद वाटतो. परंतु विहीर अरुंद असली म्हणून ती उथळ असते असे नाही. या एका प्राण्याच्या मागोमाग गेले असता जपानचा धर्म, घरसंसार, वेषभूषा आणि व्यापार यांतून आपला फेरफटका होतो.

आरंभ अगदी प्राचीन काळापासून करू. इसवी सनाच्या तिसऱ्या ते सहाव्या शतकांत जपानी सरदारांच्या समाधि-टेकड्यांभोवती भाजलेल्या मातीच्या पोकळ आकृती मांडीत. त्यांना 'हानिवा' म्हणतात. त्यांत योद्धे आहेत, घोडे आहेत, रानडुकरे आहेत, तसे कुत्रेही आहेत. गुन्मा प्रांतात मिळालेला सहाव्या शतकातील असा एक मातीचा कुत्रा टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या गळ्यात पट्टा आहे, म्हणजे तो रानटी नव्हे, कोणाचा तरी पाळलेला आहे. धन्याच्या मृत्यूनंतरही त्याने सोबतीस असावे, ही ती भावना. आपल्या धर्मराजाच्या महाप्रस्थानात शेवटपर्यंत मागे चालत राहिलेला कुत्रा येथे कोणास आठवला तर नवल नाही.

पुढे बौद्ध धर्म जपानात गेला आणि त्याबरोबर सिंह गेला. बुद्धाला शाक्यसिंह म्हणतात, त्याच्या उपदेशाला सिंहनाद म्हणतात आणि त्याच्या आसनाला सिंहासन. लखनौचे राज्य संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. आज ते प्राणिसंग्रहालयाच्याच आवारात आहे. मथुरेच्या कंकाली टीला येथे १८८८ ते १८९१ या काळात झालेल्या उत्खननातील कुषाणकालीन जैन शिल्पे तेथे पाहावयास मिळतात. त्यांतील कित्येक तीर्थंकरमूर्तींच्या बैठकीच्या दोन टोकांना दोन सिंह कोरलेले आहेत. पवित्र आसनाच्या दोन्ही बाजूंना सिंहांची जोडी बसविण्याची ही भारतीय रीत मध्य आशियातून चीनमध्ये, चीनमधून कोरियात आणि कोरियातून जपानात गेली.

मात्र चीन, कोरिया व जपान या देशांत सिंह हा रानात आढळणारा प्राणीच नव्हे. कारागिराने जो कधी पाहिला नाही, तो त्याने ऐकीव वर्णनावरून घडविला, आणि घडविताना डोळ्यांसमोर होता तो दारातला कुत्रा. आयाळ सिंहाची, पण बसण्याची ढब, छातीचा पुढावा आणि उठलेली शेपटी कुत्र्याची, असा एक प्राणी त्यातून जन्मास आला. जपानी लोकांनी त्याला 'कोमाइनु' हे नाव दिले. 'इनु' म्हणजे कुत्रा आणि 'कोमा' हे कोरियाचे जुने नाव. तेव्हा कोमाइनु म्हणजे कोरियाचा कुत्रा. ज्या देशातून पाहुणा आला त्या देशाचे नाव त्याला चिकटले. त्याचे मूळ घर मात्र आणखी पश्चिमेला होते.

आजही जपानातील देवस्थानांच्या वाटेवर दोन्ही अंगांना कोमाइनूंची जोडी असते. लक्षपूर्वक पाहिले तर एकाचे तोंड उघडे दिसते व दुसऱ्याचे मिटलेले. उघड्या तोंडाचा 'आ' म्हणतो आणि मिटलेल्या तोंडाचा 'उन्'. हे दोन ध्वनी दुसरेतिसरे काही नसून संस्कृतातील 'अ' आणि 'हूं' आहेत. 'अ' उच्चारताना ओठ उघडतात, 'हूं' म्हणताना ते मिटतात. एक आरंभ, दुसरा शेवट. संस्कृत अक्षरे जपानात मंत्रांबरोबर गेली आणि दगडी कुत्र्यांच्या तोंडी जाऊन बसली. दोन माणसांचे इतके जमते की बोलावेही लागत नाही, तेव्हा जपानी लोक 'त्यांचा आ-उन् श्वास जुळला' असे म्हणतात. आपल्या वर्णमालेतील दोन ध्वनी तेथे असे बोलीत रुळून गेले आहेत.

देवळाच्या आतही एक कुत्रा आहे, आणि तो पहारेकरी नाही. क्योतोच्या डोंगरात कोझान-जी नावाचे मंदिर आहे. तेथील म्योए नावाचे भिक्षू ११७३ ते १२३२ या काळात होऊन गेले. त्यांच्याजवळ लाकडात कोरलेले कुत्र्याचे एक पिल्लू असे, आणि ते थोर शिल्पकार तान्केई याने घडविले असावे असे मानतात. मान किंचित कलती, कान पडलेले, पाहताच उचलून घ्यावेसे वाटणारे ते पिल्लू आजही त्या मंदिराच्या ठेव्यात आहे. या म्योए भिक्षूंना भारतात येण्याचा ध्यास लागला होता. चीनच्या राजधानीपासून राजगृहापर्यंत रोज इतके चालले तर किती दिवस लागतील, याचा हिशेब त्यांनी लिहून ठेवला. दैवी आज्ञा झाली असे मानून त्यांनी तो बेत सोडला. परंतु जपानच्या किनाऱ्यावरचा एक खडा त्यांनी जपून ठेवला, कारण त्याला धुणारे पाणी भारताच्या समुद्राशी मिळालेले आहे असे त्यांना वाटे. बुद्धाने जेथे अनेक वर्षावास केले ती श्रावस्ती लखनौहून मोटारीने काही तासांच्या अंतरावर आहे. तेथे जाणाऱ्या जपानी यात्रेकरूंना पाहिले की मला त्या खड्याची आठवण होते.

आता देवळातून घरात येऊ. कुत्री सुखाने प्रसवते, म्हणून जपानात कुत्रा हा गरोदर स्त्रीचा रक्षक मानला जातो. पाचव्या महिन्यात पंचांगातील 'कुत्र्याच्या दिवशी' तिच्या पोटास पट्टा बांधण्याची चाल आहे. श्रीमंतांच्या घरी कुत्र्याच्या आकाराच्या रंगीत डब्यांची जोडी वधूबरोबर देत व पुढे ती बाळंतिणीच्या खोलीत ठेवीत. तिला 'इनु-बाको' म्हणतात. तिचेच लोकांतले रूप म्हणजे कागदाच्या लगद्याचा 'इनु-हारिको', जो आजही नव्या बाळाला भेट देतात. जपानी कालगणनेतील बारा प्राण्यांत कुत्रा अकरावा. २०१८ हे त्याचे वर्ष होते, पुढचे २०३० साली येईल. १६४६ साली, म्हणजे कुत्र्याच्याच वर्षी, जन्मलेला तोकुगावा त्सुनायोशी हा शोगुन तर कुत्र्यांच्या रक्षणासाठी इतके कडक हुकूम काढी की लोक त्याला 'श्वान-शोगुन' म्हणू लागले. १७०९ साली तो वारला आणि ते हुकूमही गेले.

संग्राहकांचा सर्वांत आवडता प्रकार म्हणजे 'नेत्सुके'. जपानी किमोनोला खिसा नसतो. आपल्याकडे चंची जशी कनवटीला खोचतात, तशी जपानी माणूस तंबाखूची पिशवी किंवा औषधांची डबी दोरीने कमरपट्ट्याला लटकावी, आणि दोरी निसटू नये म्हणून तिच्या वरच्या टोकास एक गाठीसारखा कोरीव तुकडा बांधी. तोच नेत्सुके. तो लाकडाचा, हरणाच्या शिंगाचा किंवा हस्तिदंताचा असे, आणि सुपारीएवढ्या त्या तुकड्यात कारागीर अंग मुडपून निजलेला कुत्रा किंवा एकमेकांवर लोळणारी पिल्ले कोरी. १८६८ नंतर जपानी पुरुष कोट-पाटलोण घालू लागले, त्यांना खिसे मिळाले आणि नेत्सुकेचे काम संपले. त्यानंतर ते ढिगांनी परदेशी गेले.

भारतातही जपानी कलावस्तू त्याच सुमारास येऊ लागल्या. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांनी जमविलेल्या चिनी व जपानी वस्तू मुंबईच्या संग्रहालयात आहेत. पूर्वी प्रिन्स ऑफ वेल्स यांचे नाव असलेली ही संस्था आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखली जाते. हैदराबादेत १९५१ साली खुल्या झालेल्या सालार जंग संग्रहालयातही जपानी दालन आहे. मार्टिनचा संचय लिलावात पांगला. हे संचय लोकांच्या हाती आले आणि म्हणून टिकले. संग्रहाचे भवितव्य संग्राहकाच्या हौसेवर जितके अवलंबून असते, तितकेच त्याच्या मृत्युपत्रावरही असते, हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

अस्सल आणि नक्कल यांचा प्रश्न येथे फार जुना आहे. १७८१ साली ओसाकात प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात नेत्सुके-कारागिरांची नोंद आहे. त्यात क्योतोच्या तोमोतादा या कारागिराविषयी लिहिताना त्याच्या नकला पुष्कळ होतात, असे म्हटले आहे. तेव्हा तळाशी कोरलेल्या नावावर विसंबू नये. वापरातला नेत्सुके कमरेशी घासून गुळगुळीत होतो. दोरीची भोके पाहावीत, ती दोरीने झिजलेली आहेत काय हे पाहावे. टोकदार अवयव बाहेर आलेला, सहज मोडेल असा तुकडा कमरेला बांधण्यासाठी घडविलेला नसतो. साच्यातून काढलेल्या नकलेवर सांध्याची रेघ राहते आणि तिच्या खोबणीत छिन्नीची धार दिसत नाही. हस्तिदंताविषयी तर आणखी एक गोष्ट आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील पुढील दुरुस्त्या यांमुळे आपल्या देशात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावरही १९८९ साली बंदीचा निर्णय झाला. दिसावयास कितीही सुंदर असला, तरी तो तुकडा विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये.

याहूनही अवघड प्रश्न कोमाइनूंचा आहे. १८६८ साली जपान सरकारने शिंतो व बौद्ध उपासनास्थाने वेगळी केली. त्या धामधुमीत असंख्य मूर्ती फुटल्या, कित्येक कवडीमोलाने विकल्या गेल्या. १८९७ साली देवस्थानांच्या ठेव्याचे रक्षण करणारा कायदा झाला, पण तोवर पुष्कळ हानी झाली होती. म्हणून बाजारात जुना लाकडी कोमाइनु दिसतो तेव्हा बहुधा तो एकटा असतो. एका दिवाणखान्यात तोंड उघडलेला बसला आहे आणि समुद्रापलीकडे कोठे तरी तोंड मिटलेला. 'अ' येथे आणि 'हूं' तेथे! ज्याने किंमत मोजली त्याला मूर्ती मिळाली, पण तिचा अर्थ जोडीत होता, आणि ती जोडी कोणत्या उंबरठ्यावर बसे हेही आता कोणी सांगू शकत नाही.

माझ्या मते या छंदाची खरी कसोटी येथे आहे. वस्तूची किंमत, वय आणि दुर्मिळता यांची चौकशी सर्वच करतात. ती कोठे होती, कशाचे रक्षण करीत होती, तिची जोडीदार कोठे आहे आणि ती तेथून कशी निघाली, ही चौकशी थोडेच करतात. ज्या वस्तूविषयी या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत ती न घेण्याचा संयम ज्याच्या अंगी आहे, त्यालाच मी संग्राहक म्हणेन. आणि ज्याची ऐपत बेताची आहे त्याने निराश होण्याचे कारण नाही. कागदाच्या लगद्याचा एक इनु-हारिको थोड्या पैशांत मिळतो. तो जुना नसला तरी अस्सल असतो, कारण ज्या कामासाठी तो पूर्वी करीत त्याच कामासाठी तो आजही करतात.

हीच दृष्टी घेऊन आपण आपल्या घराकडेही पाहावे. दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्रे असतात आणि त्यांना चार वेद मानतात. खंडोबाच्या टाकावर घोड्याच्या पायाशी कुत्रा असतो. कर्नाटकातील आतकूर येथे दहाव्या शतकातील एक शिलालेख सापडला. रानडुकराशी झुंजताना मेलेल्या 'काळी' नावाच्या कुत्र्याचे ते स्मारक आहे. देवघरातले झिजलेले टाक पुष्कळ घरांतून मोडीत जातात, आणि त्यांच्या बरोबर तो चिमुकला कुत्राही वितळतो. जपानी कुत्र्याची वंशावळ आपण सात समुद्र ओलांडून शोधू शकतो, तर आजीच्या देवघरातील टाक कोणत्या गावच्या सोनाराने घडविला, हे घरातले वडीलधारे माणूस सांगू शकते तोवर विचारून लिहून ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.