फोर्कलिफ्ट घेण्याआधी

सकाळी ७
हिंजवडीची गर्दी सुरू व्हायच्या आत मारुंजीवरून जांब्यात पोहोचलो. जुनी ३ टनी डिझेल फोर्कलिफ्ट कालच डीलरकडून शेडमध्ये ट्रायलला आली होती. शेडच्या मालकांना रात्रीच फोनवर बजावलं होतं, "मी येईपर्यंत सेल्फ मारू देऊ नका." तापलेलं इंजिन कुणाचंही सुरू होतं. रात्रभर थंड राहिलेलं कसं उठतं, धूर किती वेळ राहतो, ते मला बघायचं असतं. हे लगेच उठलं आणि धूरही लवकर निवळला. मशिन पुढे घेऊन खालची फरशी पाहिली. टिल्ट सिलिंडरखाली तेलाचा ओला डाग होता.

८ वाजता
प्लेट वाचली : ३००० किलो, लोड सेंटर ५०० मिमी.
"म्हणजे ३ टन उचलेल ना, साहेब?" मालकांनी विचारलं.
"तुमची पेटी किती खोल आहे?"
टेप लावली, १४०० मिमी भरली. म्हणजे पेटीचा भार फोर्कच्या पाठीपासून ७०० मिमीवर येणार. तिथे हेच मशिन साधारण अडीच टनांवर येतं. नेमका आकडा कंपनीच्या तक्त्यातूनच घ्यायचा. त्यांची सर्वांत जड पेटी २२०० किलोची, म्हणून पुढे गेलो. ती पावणेतीन टनांची असती, तर मी तिथूनच परत फिरलो असतो. मागची चाकं उचलली गेली की स्टिअरिंग हातात राहत नाही, आणि समोर एखादा हेल्पर उभा असतो.

९ वाजता
फोर्क. नवा रंग बघून मी आधी टाचेकडेच जातो, कारण झीज तिथे होते. कॅलिपरने उभ्या भागाची जाडी ४५ मिमी आली, टाचेची ३९. १० टक्के झीज झाली की फोर्क बाद. त्या झिजेने ताकद साधारण पाचव्या हिश्शाने घटते. इथे १३ टक्के. वेल्डिंगचा भराव चालणार नाही, जोडीच बदलायची. चेन पुलीवरून फिरते त्याच भागात मोजली. लांबीतली वाढ ३ टक्क्यांच्या आत होती.

अवर मीटर मात्र फारच कमी तास दाखवत होता. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं. मी रबरावर विश्वास ठेवला.

११ वाजता
प्लेटवर लिहिलेल्या अंतरावर ३ टनांचं वजन ठेवलं, काट्याची पावती हातात घेऊनच. उचलून, इंजिन बंद करून, मास्टवर खडूची खूण केली. १० मिनिटं कुणालाही खाली फिरकू दिलं नाही. डीलरचा माणूस दोनदा म्हणाला, "झालं की, दादा." ही १० मिनिटं मी कुणासाठीही कमी करत नाही. वजन १०० मिमीच्या आत राहायला हवं. ते ६० मिमी उतरलं. मास्ट मात्र हळूहळू पुढे झुकत गेला. सकाळच्या डागाचा उलगडा झाला : टिल्ट सिलिंडरचे सील गेलेत.

दुपारी २
रोज चालवणारे मामा गाडीवर बसले. त्यांनी रिकामी, मग भरलेली फिरवली, उतारावर हँडब्रेक ओढला. "ब्रेक धरतो, पण रिव्हर्सचा हॉर्न वाजत नाही," मामा म्हणाले. तेही यादीत घेतलं.

४ वाजता
१९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम २९ने उचलयंत्रांची वर्षातून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासणी घालून दिली. इथे त्या तपासणीचा कागदच नव्हता. मी लिहून दिलं : नवी फोर्क जोडी, सील, हॉर्न आणि तपासणीचा दाखला डीलरने द्यावा, लोड टेस्ट माझ्यासमोर पुन्हा व्हावी. मालकांनी बयाण्याचा चेक खिशात ठेवला आणि डीलरला पुढच्या सोमवारची वेळ दिली.