मदुराईचा उत्सव आणि वैगईचे पाणी

मदुराईच्या चित्तिरै उत्सवाकडे मी केवळ धार्मिक सोहळा म्हणून पाहत नाही. त्यात मला राज्यकारभाराचा एक धडा दिसतो. पूर्वी मीनाक्षी-सुंदरेश्वराचा विवाह मासी महिन्यात होत असे. सतराव्या शतकात तिरुमलै नायक राजाने तो चित्तिरैत आणून वैष्णवांच्या अळगर देवाच्या उत्सवाशी जोडला, असे परंपरा सांगते. बहिणीच्या विवाहाला निघालेला अळगर सोन्याच्या घोड्यावरून वैगई नदीत उतरतो, तेव्हा काठावर शैव आणि वैष्णव असा भेद उरत नाही.

२०१९ मध्ये रथोत्सव आणि लोकसभेचे मतदान १८ एप्रिल या एकाच दिवशी आले. निवडणूक आयोगाने मदुराईत मतदानाची वेळ रात्री आठपर्यंत वाढवली. राजा असो वा आयोग, लोकांसाठी काळाला मुरड घालता आली.

नदीपुढे मात्र हे शहाणपण थिटे पडते. देवाच्या आगमनासाठी वैगई धरणातून पाणी सोडावे लागते. सोहळा सरला की पात्र पुन्हा कोरडे पडू लागते. तिथी जुळवणाऱ्या शासनाने नदीच्या उरलेल्या वर्षाचीही चिंता वाहावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.