ताप उतरला, पोटाचं काय?

पावसाळा सरता सरता नागपुरात घरोघरी ताप असतो. कुठे डेंग्यू, कुठे फ्लू, कुठे चिकुनगुनियाने धरलेले सांधे. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात. पुढे आठ-पंधरा दिवसांनी पोट बिघडलं, तर "औषधांची गरमी झाली", "बाहेरचं खाल्लं असेल" असं म्हणून जिऱ्याचं पाणी, मऊ भात आणि औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या, एवढ्यावर भागवलं जातं. धडधाकट माणसाचं त्यात निभतंही. पण ज्याची प्रतिकारशक्ती मुळातच कमी आहे, त्याच्यासाठी हाच धीर घातक ठरू शकतो.

अशी माणसं आपल्या आसपास बरीच आहेत. सगळ्या विदर्भातून आणि शेजारच्या छिंदवाडा-बालाघाटातून रुग्ण नागपुरात येतात. १९४७ साली सुरू झालेलं 'मेडिकल', त्याहून जुनं 'मेयो', मिहानमधलं एम्स, तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. इथून रोज कुणी केमोथेरपी घेऊन घरी जातो, कुणी बदललेलं मूत्रपिंड जपत. शिवाय एचआयव्हीबाधित, सिकलसेलचे रुग्ण, संधिवातासाठी किंवा दम्यासाठी महिनोन्महिने स्टेरॉइड घेणारे, साखर कायम चढलेले मधुमेही आहेतच.

दबा धरून बसलेला विषाणू

आतडं हा शरीरातला मोठा पहाराही आहे. प्रतिकारशक्तीच्या पेशींचा फार मोठा साठा आतड्याच्या भिंतीत असतो. अब्जावधी जिवाणू तिथे नांदतात आणि या पेशी त्यांना आवरून धरतात. विषाणूच्या आजारात पहारा ढिला पडला, आणि औषधांमुळे तो आधीच ढिला असला, की ज्या जंतूंना एरवी वाट मिळत नाही, त्यांना ती मिळते.

यातला सर्वांत कावेबाज म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, डॉक्टरांच्या बोलण्यातला 'सीएमव्ही'. बहुतेक भारतीयांना त्याचा संसर्ग लहानपणीच होऊन गेलेला असतो आणि तो कळतही नाही. विषाणू मात्र शरीरातून जात नाही. प्रतिकारशक्ती खचली की तो उठतो आणि पुष्कळदा मोठ्या आतड्यावर घाला घालतो. जखमा होतात, जुलाब थांबत नाहीत, शौचातून रक्त पडतं, वजन उतरतं. अन्ननलिकेत व्रण झाले तर घास गिळणंही नकोसं होतं.

पंचाईत अशी की शौचाच्या साध्या तपासणीत हा सापडत नाही. रक्ताच्या चाचणीतही कधी कधी निसटतो. मग दुर्बीण घालून आतड्याचे बारीक तुकडे काढावे लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशी नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या झालेल्या दिसतात. मधोमध गडद ठिपका आणि भोवती फिकट कडं, जणू घुबडाचा डोळा. पॅथॉलॉजिस्ट याच खुणेवरून त्याला ओळखतात. एकदा ओळख पटली की उपाय आहे. गॅन्सिक्लोव्हिर हे औषध साधारण दोन ते तीन आठवडे चालतं, सुरुवातीला बहुधा शिरेतून. ते पांढऱ्या पेशी कमी करू शकतं, म्हणून सारखं रक्त तपासावं लागतं.

कोविडने दाखवून दिलेलं

कोविडच्या दुसऱ्या लाटेत हे सगळं ठळक दिसलं. जून २०२१ मध्ये दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयाने पाच रुग्णांची माहिती जाहीर केली. कोविडचं निदान झाल्यावर २० ते ३० दिवसांनी त्यांना पोटदुखी आणि शौचातून रक्तस्राव सुरू झाला होता. कारण निघालं सीएमव्ही. एकाच्या मोठ्या आतड्याचा उजवा भाग तातडीने काढावा लागला, एक दगावला. यांच्यापैकी कुणाचं प्रत्यारोपण झालेलं नव्हतं की कुणाला एड्स नव्हता. कोविड आणि त्यावरची स्टेरॉइड यांनी मिळून पहारा उठवला होता.

त्याच उन्हाळ्यात विदर्भात काळ्या बुरशीने थैमान घातलं. नाक, डोळा, जबडा यांची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण नागपूरकरांना आठवत असतील. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी इंजेक्शनासाठी नातेवाईक वणवण फिरत होते. मे महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने ते बनवायला घेतलं. हीच बुरशी क्वचित जठरात आणि आतड्यातही शिरते, तिथल्या रक्तवाहिन्या बंद पाडते आणि आतड्याला भोक पडतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं.

इथे स्टेरॉइडचा आणखी एक धोका. ते दुखणं आणि ताप दोन्ही दाबून टाकतं. आतड्याला भोक पडलं तरी पोट नेहमीसारखं कडक होत नाही आणि रुग्ण "थोडं दुखतंय" एवढंच सांगतो. म्हणून अशा रुग्णाचं 'थोडं' थोडं समजू नये.

गोळ्यांचा गुंता

मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला जुलाब लागले की घरचे हमखास विचारतात, "गोळ्या बंद करू का?" स्वतःच्या मनाने कधीही नाही. मायकोफेनोलेट या गोळीनेच जुलाब होऊ शकतात, हे खरं. पण ती सोडली तर शरीर नवं मूत्रपिंड नाकारू शकतं. टॅक्रोलिमस या दुसऱ्या औषधाचं तर उलटंच आहे. जुलाबात ते वाहून जाईल असं वाटतं, पण आतड्याची भिंत बिघडल्यामुळे रक्तातलं त्याचं प्रमाण वाढू शकतं आणि त्याचा त्रास मूत्रपिंडालाच होतो. म्हणून डॉक्टर अशा वेळी त्याची पातळी तपासतात. पपनस आणि ग्रेपफ्रूट या औषधासोबत वर्ज्य. संत्र्याच्या गावात राहत असाल, तर कोणतं लिंबूवर्गीय फळ चालेल हे आपल्या डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारून ठेवा.

प्रतिकारशक्ती गोळ्यांनीच घटते असं नाही. सिकलसेल विदर्भाच्या घरचाच आजार. त्यात प्लीहा लहान वयातच निकामी होत जाते, त्यामुळे न्यूमोकोकस, साल्मोनेला असे जिवाणू सहज डोकं वर काढतात. त्यातच उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी आटलं की लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन अडकतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. हा आजार असलेल्या मुलांना जुलाब लागताच ओआरएस सुरू करावं आणि दवाखाना लांबणीवर टाकू नये.

घरी काय पाहावं

प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाच्या शौचात रक्त दिसलं, शौच डांबरासारखं काळं झालं, जुलाब दोन-तीन दिवसांत आटोपले नाहीत, पोट फुगून वारा सरेनासा झाला, गिळताना दुखू लागलं, लघवी कमी झाली किंवा ताप परतला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केमो चालू असताना ताप आला, तर रात्रही काढू नये. रक्त किंवा ताप असेल तर जुलाब बांधणाऱ्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नयेत. प्रोबायोटिकची पुडीसुद्धा विचारूनच द्यावी, कारण त्यातले जिवंत जंतू अशा माणसाला क्वचित बाधू शकतात.

दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत. कधी कोणता ताप आला, त्यात स्टेरॉइड दिलं होतं का, किती दिवस, हे कागदावर लिहून न्यावं. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना मिळणाऱ्या चार मिनिटांत हा कागद निम्मं काम करतो.

फराळाच्या दिवसांत अशा घरी पाहुणे म्हणून जाणार असाल, तर स्वतःला सर्दी-ताप किंवा जुलाब असताना जाऊ नका. चिवडा-लाडू नंतरही पोचवता येतील. आणि घरात असा रुग्ण असेल, तर ताप उतरल्यावर पुढचा महिनाभर त्याच्या पोटाकडे लक्ष ठेवा. यातली बहुतेक दुखणी वेळेत ओळखली तर आटोक्यात येतात, उशीर झाला तरच जिवावर बेततात.