ग्रीक शब्दातील पाल

योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील चौदावे वचन आपण जाणतोच : शब्द देहधारी होऊन मनुष्यांत राहिला. ‘राहिला’ या ठिकाणी मूळ ग्रीक क्रियापद ‘एस्केनोसेन’ असे आहे. ‘स्केने’ म्हणजे तंबू. अर्थात् ‘तंबू ठोकून राहिला.’ रानात इस्राएल लोकांबरोबर चालणाऱ्या निवासमंडपासही ग्रीक शास्त्रात हाच शब्द योजिला आहे.

शेळगावच्या मुलांस हा अर्थ कोशावाचून उमजावा. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराचे पाल आपल्या पाहण्यातले आहे. त्यास भिंत नाही, कुलूप नाही. मेंढरे हलली की पालही हलते. ‘राहिला’ म्हटल्याने मुक्काम कळतो. ‘पाल ठोकले’ म्हटल्याने सोबत कळते. पंडिता रमाबाईंनी केडगावी १९२२ साली देहावसान होईपर्यंत मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे श्रम केले, ते अशा अर्थांसाठीच सार्थ होत.